पोटापाण्याचा प्रश्न बरोबरच आहे

मानवी हक्कांचं काम करायचं ठरवून विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना घरून पहिला प्रश्न येतो तो पोटापाण्याचा. मुलं त्यावर चिडतात, आपलं ध्येय घरच्यांना कळत नाही असं त्यांना वाटतं. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला मात्र वाटतं की घरच्यांचा प्रश्न बरोबरच आहे, आणि त्याचं सरळ उत्तर द्यायची जबाबदारी आमच्यासारख्या आधीपासून इथे असलेल्यांची आहे.

दरवर्षी निकाल लागले की काही जण भेटायला येतात. कुणी एमएसडब्ल्यू केलेलं, कुणी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला, कुणी राज्यशास्त्रात एमए. बोलणं संविधान, अन्याय, आंदोलनं असं फिरत फिरत शेवटी तिथे येतं, "ताई, यात करिअर होतं का?" विचारताना आवाज खाली जातो. या कामात पगाराचं बोलणं शोभत नाही, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं आणि ते आपणच बसवलंय. पूर्णवेळ कार्यकर्ता म्हटलं की खांद्याला शबनम अडकवून घरादारावर पाणी सोडलेला माणूस डोळ्यांसमोर यावा, अशीच आपण त्याची वर्णनं केली, तसेच सत्कार केले. तसं जगलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यागाची अट घातली की या कामात कोण येऊ शकतं आणि कोण येऊच शकत नाही, हे आधीच ठरून जातं. गावाकडे चार एकर बागायत असेल, शहरात हक्काचं घर असेल किंवा जोडीदाराची कायम नोकरी असेल, तर त्याग परवडतो. ज्यांच्या हक्कांसाठी आपण लढतो म्हणतो, त्यांच्या मुलांकडे यातलं काहीच नसतं.

मी बार्शीकडची. वडील एका खतांच्या दुकानात हिशेब लिहायचे. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करत होत्या, तेव्हा मी मुंबईत समाजकार्य शिकत होते. क्षेत्रकार्यासाठी रायगड जिल्ह्यातली एक संघटना मिळाली आणि पदवीनंतर मी तिथेच राहिले. पहिलं मानधन १२,००० रुपये. आई म्हणाली, "एवढं शिकून सवरून वाड्यावस्त्याच हिंडायच्या होत्या का?" वडिलांनी रकमेबद्दल काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "महिन्याच्या महिन्याला देतात ना?"

आमचं काम मुख्यतः कातकऱ्यांमध्ये. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. इंग्रजांनी जंगलं ताब्यात घेतली तसा तो धंदा गेला, वर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. आज महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या आदिवासी जमाती तीन आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. रायगड, ठाणे, पालघरमधल्या कित्येक कातकरवाड्यांत घराखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या नावावर असते. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा कुणीतरी उचल देतं. भात झोडून झालं, दिवाळी सरली की गाड्या लागतात आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. परत येताना हिशेब होतो, आणि बहुतेकदा तो हिशेब सांगतो की उचल अजून फिटलेली नाही, पुढच्या वर्षीही यायचंय.

या साखळीला कायद्याच्या भाषेत वेठबिगारी म्हणतात आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद आहे. कायदा नि भट्टी यांच्यात जे अंतर आहे, ते कापण्याचं काम म्हणजे आमचं काम. ते जबाबापासून सुरू होतं.

जबाब घेणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि पुस्तकातून ती येत नाही. नवी मुलं भट्टीवर गेली की पहिला प्रश्न विचारतात, "तुम्हाला इथे जबरदस्तीने ठेवलंय का?" समोरची बाई मान हलवून नाही म्हणते. कुणी साखळदंडाने बांधलेलं नसतं, सेठ शिव्या देतो पण आजारपणात औषधालाही पैसे देतो, मग जबरदस्ती कसली? तिथेच ते प्रकरण संपतं.

एका भट्टीवरची एक बाई मला आठवते. कच्च्या विटा रचून, वर ताडपत्री टाकून केलेलं खोपटं, वाकून आत जायचं. पहाटेपासून विटांच्या मातीचा चिखल, म्हणजे गारा, तुडवून तिच्या पायांना चिरा पडलेल्या. मांडीवर मूल. कधी आलात विचारल्यावर तिने भाताची झोडणी सांगितली, तारीख सांगितली नाही, मग झोडणी, दिवाळी, तिथला बाजाराचा वार असं धरत धरत आम्ही आठवडा काढला. हजार विटांना काय दर धरलाय, ते तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाला हातावर मिळणारे पैसे, मात्र नेमकी माहीत होती, ६०० रुपये, दोघांची मिळून. ती लिहिलेली वही मुकादमाकडे. आधारकार्डंही त्याच्याच पेटीत, "हरवतील म्हणून." मग मी विचारलं, बाजाराला दोघं मिळून जाता का?

"नाय. एकानं हितंच ऱ्हायाचं."

"का बरं?"

"दोघं गेली न् नाय आली तं? शेठ म्हनतो."

तो प्रश्न आणि ते उत्तर मी वहीत शब्दाला शब्द उतरवलं, कारण कायद्याला हवं होतं ते सगळं त्या दोन वाक्यांत होतं. उचल घेतल्यामुळे माणसाला फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागत असेल, किंवा दुसरीकडे काम धरता येत नसेल, किंवा मोकळेपणाने कुठे जाता-येता येत नसेल, किंवा आपली मेहनत बाजारभावाने विकता येत नसेल, तर ती वेठबिगारी. या चारांपैकी एक असलं तरी पुरतं. हे 'किंवा' ज्याने नीट वाचलेत तो कार्यकर्ता बाजाराच्या दिवसाबद्दल विचारतो. ज्याने वाचलेले नाहीत तो साखळदंड शोधत बसतो.

बाईचा जबाब वेगळा घ्यायचा, हेही असंच शिकावं लागतं. भट्टीवर जोडीचा हिशेब नवऱ्याच्या नावावर असतो. बाई पहाटे त्याच्याआधी उठते, विटा थापते, पलटते, रचते, पण वहीत ती कुठेच नसते. मुक्त झालेल्या वेठबिगारांसाठी केंद्राची जी पुनर्वसन योजना २०१६ मध्ये सुधारली, तिच्यात प्रौढ पुरुषाला १ लाख आणि स्त्रियांना व मुलांना २ लाखांची तरतूद आहे. सुटकेच्या कागदांत तिचं नाव कुटुंबप्रमुखाच्या मागे 'व पत्नी' एवढंच राहिलं, तर तिच्या वाट्याला काही येत नाही. आणि जबाब सरकारी कार्यालयात पुन्हा लिहिला जातो तेव्हा समोर बसून तो मोठ्याने वाचून घ्यावा लागतो. "सदर रक्कम मी स्वखुशीने घेतली" असं एक ठरलेलं वाक्य लिहिणाऱ्याच्या हातातून सवयीने उतरतं, त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण त्या एका वाक्यावर पुढे सगळं प्रकरण ढासळतं. खरं तर कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याच्या कलम १५ ने मालकावर टाकलेली आहे. पण ते कलम दाखवायला तिथे कुणीतरी हजर असावं लागतं.

अशा कागदांनी काय होऊ शकतं, याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. १९८२ च्या एशियाड स्पर्धांसाठी दिल्लीत स्टेडियमं, उड्डाणपूल बांधले जात होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांकडून तिथल्या मजुरांची पाहणी करून घेतली आणि त्या आधारे न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीदेखील संविधानाच्या अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरीच, असा निकाल दिला. पाठोपाठ फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेल्या पत्रावरही असाच मोठा निकाल आला. मजुरांत जाऊन, विचारून, नीट लिहिलेल्या पानांवर हे निकाल उभे आहेत. घोषणा मलाही आवडतात, मोर्चात माझाही गळा बसतो. पण न्यायालयात पानं टिकतात.

आणि ही परंपरा आपल्या अगदी अंगणातली आहे. गोदावरी परुळेकर पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. १९४५ मध्ये त्या नि शामराव परुळेकर किसान सभेचं काम घेऊन डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांमध्ये गेले. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतलेला वारली गडी बायकोसह जन्मभर त्याच्या घरी राबायचा, लग्नगडी म्हणत त्याला. वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी वारल्यांनी संघटित होऊन मोडल्या. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघांचा जीव गेला, तरी मोडल्या. त्याच मुलखात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकात पुन्हा वेठबिगारांच्या सुटकेसाठी उभं राहावं लागलं. आज लग्नगडी म्हणत नाहीत, उचल म्हणतात, पण लग्नासाठी घेतलेली उचल मी आजही जबाबात लिहिते.

एक कुटुंब सोडवलं की मोहीम झाली, असं नाही. मोहीम म्हणजे पुढच्या वर्षी त्या भट्टीवर तसंच दुसरं कुटुंब येऊ नये यासाठी केलेली खटपट, आणि ती फार सावकाश चालते. कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला आणि उपविभागाला वेठबिगारीसाठी दक्षता समिती असायला हवी. आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकतो. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, समितीच्या बैठका किती झाल्या, इतिवृत्तं द्या, म्हणायचं. ३० दिवसांत उत्तर आलं तर बरं, नाहीतर पहिलं अपील. कितीतरी उत्तरांत रकान्यांसमोर 'निरंक', म्हणजे काहीच नाही, असं लिहिलेलं असतं. ते निरंक एका तक्त्यात मांडले, सोबत त्याच तालुक्यांतून भट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांची यादी जोडली की पत्रकाराला बातमी मिळते, आमदाराला तारांकित प्रश्न मिळतो आणि मग बैठक लागते. अभ्यासिकेतली माझी एक मैत्रीण पुढे नायब तहसीलदार झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. तिने सांगितलेली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, "अर्जात मागणी एकच ठेव. पाच ठेवल्यास की फाइल पाच टेबलांवर जाते आणि कुठलंच टेबल ती आपली मानत नाही."

तारखांना इथे फार किंमत असते. घटनेला एक वर्ष उलटून गेलं की मानवी हक्क आयोग तक्रारीची चौकशी करू शकत नाही, कायद्यातच तसं आहे. मराठीत लिहिलेली साधी तक्रार आयोगाला चालते, शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. पण वर्ष उलटून चालत नाही. आणि पुनर्वसनाच्या योजनेतली मोठी रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. सुटका झाल्यावर तातडीची जी मदत मिळते, ती आधी २०,००० रुपयांपर्यंत होती, २०२२ पासून ३०,०००. बाकीच्या रकमेसाठी खटल्याची वाट पाहत राहायचं. वाट पाहणारं कुटुंब दिवाळीनंतर खाणार काय? त्याच भट्टीची गाडी दारात उभी असते. या अटीविरुद्ध लिहिणं, बोलणं, निवेदनं देणं हाही आमच्या मोहिमेचा भाग आहे, आणि याबाबतीत मला सरकारचं म्हणणं मुळीच पटत नाही. शिक्षा देणं न देणं न्यायव्यवस्थेच्या हातात, मग तिच्या विलंबाचा भुर्दंड सुटलेल्या मजुराने का सोसायचा?

आता पैशांकडे येते. मुलांना वाटतं की मोठी आंतरराष्ट्रीय संस्था, मग आणखी मोठी, अशी पायरी-पायरीने चढण असते. काहींना ती मिळते. पण २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने आपल्याला आलेला परदेशी निधी दुसरीला पुढे देणं बंद झालं. तालुक्यातल्या लहान संघटना अशा पुढे आलेल्या निधीवरच माणसं ठेवत होत्या. त्याच सप्टेंबरात खाती गोठवली गेल्यामुळे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनेही भारतातलं काम थांबवलं. तेव्हा ओळखीतली कितीतरी चांगली माणसं एका महिन्यात घरी बसली.

या प्रश्नाचा आपल्याकडे पूर्वी कुणी विचारच केला नव्हता असं नाही. डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तो याचसाठी. रंगभूमीवरच्या नामवंतांनी नाटकाचे प्रयोग करून पैसा जमवला आणि त्याच्या व्याजातून राज्यातल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. रक्कम लहान होती. पण कार्यकर्त्याचं घर चालणं ही समाजाची जबाबदारी आहे, हे त्यातून मान्य झालं होतं. ही गोष्ट सत्काराच्या शालीपेक्षा मला कितीतरी मोठी वाटते.

आमच्याच एका वाडीतला एक मुलगा होता. आश्रमशाळेत शिकला, बीए झाला, लहानपणाचे हिवाळे भट्टीवर गेलेले. त्याच्यासारखा जबाब मी कुणालाच घेताना पाहिलं नाही. कातकरी बोलीत बोलायचा, त्यामुळे बायका घाबरायच्या नाहीत. पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या नजरेत होती. भट्टीवर पाऊल टाकलं की वाळत घातलेल्या विटांच्या रांगांवरून नजर फिरवायचा, एका रांगेतल्या विटा मोजायचा, रांगा मोजायचा आणि एका जोडीची दिवसाची थापणी किती होते ते सांगायचा. मग पाण्याला माणूस किती वाजता उठतो विचारायचा. त्यावरून कामाचे तास, तासांवरून किमान वेतन आणि त्यातून खर्ची वजा, असा हिशेब तो तिथेच वहीत मांडायचा. मुकादमाची वही मिळाली नाही तरी मालकाकडे मजुराचं किती निघतं ते आम्हाला कळायचं. हे ज्ञान कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही, ते त्याने लहानपणी गारा तुडवून मिळवलं होतं.

प्रकल्प संपला, पुढचा मंजूर व्हायला वेळ लागला, तीन महिने मानधन झालं नाही. मी खोलीभाडं वडिलांकडून मागवलं. त्याचे वडील त्या वर्षी आजारी होते, भट्टीची उचल घ्यायची की नाही असा घरात प्रश्न पडला होता. तो एमआयडीसीत कंत्राटी कामावर लागला. जाताना त्याने वह्या व्यवस्थित लावून दिल्या, कुठल्या कुटुंबाची तारीख कधी आहे ते समजावून सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याने केलं ते योग्यच केलं. राग आहे तो, त्याने तरीही थांबायला हवं होतं, असं बैठकीत म्हणणाऱ्यांवर. वेठबिगारीविरुद्ध लढणाऱ्या संघटनेने आपल्याच माणसाकडून बिनपगारी कामाची अपेक्षा धरावी, हे मला सहन झालं नाही आणि मी ते त्याच बैठकीत बोलले.

त्यानंतर आमच्याकडे काही बदललं. वर्गणीदार वाढवले, त्यात मुंबई-पुण्यातले नोकरदार आहेत, परदेशी गेलेली मराठी मंडळी आहेत, पण भट्टीवरून परत आलेल्या कुटुंबांची वर्षाची लहानशी वर्गणीही आहे. नवा माणूस घ्यायचा तर आधी त्याचं वर्षभराचं मानधन बँकेत वेगळं काढायचं, असा ठराव आहे. माणसं त्यामुळे कमी घेता येतात. पण घेतलेली टिकतात, आणि आता त्यांतली निम्म्याहून जास्त वाड्यांमधलीच आहेत.

तेव्हा विचारायला लाजू नका. कुठल्याही संघटनेत जाताना मानधन किती नि कुठल्या तारखेला, हे पहिल्या भेटीत विचारा. अपघात विमा आहे का, रात्री भट्टीवरून परतायची सोय कोण करतं, दहा किंवा जास्त माणसांची संस्था असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का, हेही विचारा. मुलींनी तर विचाराच. कुणी तोंड वाकडं केलं तर ती जागा सोडा, दुसऱ्या आहेत. बदल्यात संघटना तुम्हाला विचारेल की कायद्याचं मूळ कलम वाचून समजून घेता येतं का, स्वच्छ मराठीत एक पानी अर्ज लिहिता येतो का, टक्केवारी नि गुणाकार चुकत नाहीत ना, आणि समोरची बाई गप्प बसली तर तुम्हाला गप्प बसता येतं का. पुढे यातून कुणी वकील होतं, कुणी संशोधनाकडे वळतं, कुणी परीक्षा देऊन शासनात जातं. आमच्याकडून गेलेली माणसं तिथेही कामाला येतात.

आमच्याकडे यायचं असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला या. गाड्या लागायच्या आत वाड्यावाड्यांत फिरून याद्या करायच्या असतात, कोण कुठल्या भट्टीवर निघालंय, उचल किती, कुणाकडून, कधी घेतली, सोबत मुलं किती, शाळा कुठली सुटणार. प्रत्येक बाईचं नाव स्वतंत्र ओळीत, तिच्या वयासकट. मार्चमध्ये एखाद्या भट्टीवरून निरोप आला तर पहिल्यांदा तीच यादी काढावी लागते. दिवाळीनंतर याल तर वाडीत म्हातारी माणसं तेवढी भेटतील, आणि मुलगा कुठल्या गावाला गेलाय ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.